दोन कागद आले आहेत, सही कुठल्यावर करायची?

सोलापूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

लग्नानंतर या ताई न्यू जर्सीत होत्या. मुलगी तिथेच जन्मली, म्हणून ती अमेरिकन नागरिक आहे. संसार काही टिकला नाही. २०२२ मध्ये त्या मुलीला घेऊन माहेरी आल्या आणि पुढे परस्पर संमतीने घटस्फोट झाला. मुलीचा ताबा आईकडे, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी वडिलांकडे जाईल, आणि वडिलांनी तिच्या खर्चाचे दरमहा ४०,००० रुपये द्यायचे, असं हुकूमनाम्यात आहे. मुलगी आता नऊ वर्षांची असून जुळे सोलापुरातल्या शाळेत चौथीत शिकते. ताई अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघतात आणि आईवडिलांच्या घरी राहतात. पैसे कधी वेळेवर येतात, कधी नाही. सध्या चार महिन्यांचे थकले आहेत.

गेल्या महिन्यात मुलीच्या वडिलांनी मेलवर दोन कागद सहीसाठी पाठवले. एक अमेरिकेच्या आयकर खात्याचा ‘फॉर्म ८३३२’. दुसरं अर्ध्या पानाचं पत्र, ज्यात मुलगी २०२५ मध्ये जानेवारी ते जुलै वडिलांच्या न्यू जर्सीच्या घरी राहिली असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात ती तिथे सुट्टीत सात आठवडे होती. ताई लिहितात, ‘फॉर्म वाचल्यापासून झोप उडाली आहे. त्यात मुलीवरचा हक्क सोडते अशी भाषा आहे. पत्र मात्र साधं आहे, तेवढं देऊन टाकावं म्हणते, म्हणजे ते फॉर्मचा आग्रह सोडतील. दादा म्हणतो, एकाही कागदाला हात लावू नकोस. अप्पा म्हणतात, पोरीच्या बापाशी वाकडं कशाला, दे दोन्ही. टेक्सासची मावसबहीण म्हणते, मुलगी अमेरिकन आहे तर ते करसवलतीचे पैसे तूच क्लेम कर. पुढच्या वर्षी मुलीचा पासपोर्टही संपतोय, त्यासाठी त्यांची सही लागणार. मी काय करू?’

ताई,

तुमची भीती चुकीच्या कागदावर जाऊन बसली आहे. ज्या फॉर्मने तुमची झोप उडवली त्यात तुमच्या मुलीला धक्का लागेल असं काही नाही. जे पत्र तुम्ही साधं म्हणून देऊन टाकायला निघालात, ते मात्र देऊ नका. माझं बाकीचं उत्तर या दोन वाक्यांच्या भोवतीच आहे, पण ते नीट पटावं म्हणून खोलात जाऊन सांगते. तुमच्यासारख्या बऱ्याच लेकी आज माहेरी आहेत, आणि त्यांच्या मेलमध्येही असे कागद येऊन पडतात.

आधी फॉर्म. अमेरिकेत आयकराचं विवरण भरताना आपल्यावर अवलंबून असलेल्या मुलाचं नाव घातलं की करात सवलत मिळते. एका मुलाचं नाव एका वर्षी एकाच ठिकाणी घालता येतं. आईवडील वेगळे झाले असतील तर पहिला मान मूल ज्याच्याकडे राहतं त्याचा. राहतं म्हणजे काय, तर त्या वर्षातल्या जास्त रात्री मुलाने कोणाकडे काढल्या. तुमच्या मुलीच्या साताठ आठवड्यांच्या रात्री तिकडच्या, बाकी सगळ्या सोलापूरच्या. त्यामुळे त्या कायद्याच्या नजरेत मूल सांभाळणारी पालक तुम्हीच आहात, याबद्दल वादच नाही. आता ज्याच्याकडे मूल राहत नाही त्या पालकाला सवलत हवी असेल, तर सांभाळणाऱ्या पालकाने लिहून द्यावं लागतं की या वर्षी माझ्या कराच्या कागदात मी या मुलाचं नाव घालणार नाही. फॉर्म ८३३२ म्हणजे एवढंच. ताबा, भेटी, शाळा, मुलीने कुठे राहायचं, यातल्या एकाही गोष्टीला तो शिवत नाही.

आणखी एक बघा. हा फॉर्म त्यांनी आपल्या विवरणाला जोडला, की मूल माझ्याकडे राहत नाही, तिच्या आईकडे राहतं, हे त्यांनीच सरकारी कागदावर मान्य केलेलं असतं. तुम्ही सही करता ती मूल सांभाळणारी पालक म्हणून. उद्या ताब्याचा प्रश्न कोणी उकरून काढलाच, तर हा फॉर्म तुमच्या विरोधात जाण्यापेक्षा तुमच्या बाजूने बोलेल. म्हणून त्याची एक प्रत तुमच्या फाईलमध्ये असायलाच हवी.

त्यांना तो एवढा का हवा आहे, तेही सांगते. १७ वर्षांखालच्या मुलामागे मिळणारी ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’ ही सवलत २०२५ च्या करवर्षासाठी २,२०० डॉलरपर्यंत आहे. आदल्या वर्षी ती २,००० होती. ही रक्कम थेट करातून वजा होते. रुपयांत ती दोन लाखांच्या आसपास जाते, म्हणजे तुमच्या हुकूमनाम्यातल्या जवळजवळ पाच महिन्यांच्या पैशांएवढी. एकट्या माणसाचं उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर गेलं की ती कमी होत जाते. तुमच्या सहीशिवाय त्यांना ही सवलत घेता येत नाही, कारण मूल वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ त्यांच्याकडे राहिलेलं नाही. त्यांनी मुलीच्या एकूण खर्चाचा अर्ध्याहून अधिक वाटा खरोखर उचलला असेल, तर तुमच्या सहीशिवायही तिला निराळ्या नियमाखाली अवलंबित दाखवून ५०० डॉलरची लहान सवलत घेण्याची वाट निघू शकते. तुम्हाला तिकडे विवरण भरायचंच नसल्याने ही वाट मोकळी राहते. ती वाट निघाली तर सहीमुळे पडणारा फरक १,७०० डॉलरचा, नाहीतर पूर्ण २,२०० डॉलरचा.

मावसबहिणीचं म्हणणं मायेपोटी आलेलं आहे, पण ते लागू पडत नाही. ही सवलत मुलीच्या नागरिकत्वाबरोबर आपोआप घरी येत नाही. ती मिळते अमेरिकेत कमावणाऱ्या आणि तिथे कर भरणाऱ्या पालकाला. तुमचा पगार सोलापूरचा, कर भारताचा. तिकडे तुमचं उत्पन्नच नाही, तर वजा कशातून करणार? भारतातही मूल अवलंबून आहे एवढ्यावरून आयकरात वजावट मिळत नाही. जुन्या करपद्धतीत शाळेची शिक्षण फी दीड लाखाच्या वजावटीत धरता येते. म्हणजे सही न करून तुम्ही ते दोन लाख वाचवत नाही. ते कोणालाच मिळत नाहीत.

इथे मला तुमच्या पत्रातल्या एका वाक्याजवळ थांबायचं आहे. ‘ज्यांनी चार महिने पोरीचे पैसे दिले नाहीत त्यांचा फायदा मी का करून द्यायचा?’ असं तुम्ही विचारता. हा राग रास्त आहे, तो सोडा असं मी म्हणणार नाही. फक्त तो कुठे वापरायचा ते बघू. थकलेले पैसे हा तुमच्या मुलीचा हुकूमनाम्याने ठरलेला हक्क आहे. त्याच्या वसुलीसाठी न्यायालयात दरखास्त दाखल करता येते, आणि चार महिने थकले असतील तर वकिलांशी ते बोलणं आजच व्हायला हवं. फॉर्म अडवून ठेवला की ते पैसे येतील, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. तुमच्या हातात हा फॉर्म आहे खरा, पण तो नीट वापरायचा असेल तर कधी द्यायचा आणि किती वर्षांसाठी द्यायचा, हे दोन निर्णय महत्त्वाचे आहेत.

फॉर्मचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात, ज्या वर्षाचं विवरण भरायचं त्या एका वर्षाची संमती. दुसऱ्या भागात पुढच्या वर्षांची, आणि तिथे ‘पुढची सगळी वर्षं’ असंही लिहिता येतं. तिसरा भाग दिलेली संमती मागे घेण्याचा. तुम्ही फक्त पहिला भाग भरा, त्यात वर्ष २०२५ स्वतःच्या हाताने लिहा आणि दुसऱ्या भागावर आडवी रेघ मारा. दुसऱ्या भागात एकदा सही झाली की ती मागे घेता येते, पण लगेच नाही. तुम्ही ज्या वर्षी तसं कळवाल, त्याच्या पुढच्या करवर्षापासून ती थांबते. मधलं वर्ष हातून जातं. दर वर्षी एकेक वर्षाची सही द्यायची, म्हणजे दर वर्षी तुमच्याशी बोलावं लागेल. एवढ्या वर्षांत त्या घरात आणि या घरात काय काय बदलेल, कोणी सांगावं?

त्यांनी पाठवलेल्या प्रतीत दुसरा भाग आधीच टाइप करून आला आहे का, ते नीट बघा. आला असेल तर ती प्रत वापरू नका. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या संकेतस्थळावर कोरा फॉर्म फुकट मिळतो, तो उतरवून घ्या. कोऱ्या जागा ठेवून सही करायची नाही, हे तुम्हा हिशेब बघणाऱ्या बाईला मी काय सांगावं!

आता वेळ. संमती बिनशर्त असावी लागते. ‘पैसे दिलेत तर’ अशी अट फॉर्मवर किंवा सोबतच्या चिठ्ठीत लिहिली, तर तो ग्राह्य धरला जात नाही. २००८ नंतरच्या घटस्फोटांत हुकूमनाम्याची पानं जोडूनही भागत नाही, हा फॉर्म किंवा फक्त याच कामासाठी लिहिलेला तसाच कागद लागतो. पण सही कधी करायची हे तुमच्याच हातात आहे. २०२५ चं वर्ष संपलेलं आहे. त्या वर्षाचे किती हप्ते आले, किती राहिले, याचा तक्ता तुम्ही अर्ध्या तासात मांडू शकता. विवरणाची मुदत १५ एप्रिलला असते आणि मागितल्यास १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. तेव्हा ‘आज रात्रीच पाठव, नाहीतर सगळं जाईल’ असा फोन आला तर घाबरू नका. त्या वर्षाचे पैसे पूर्ण झाले की त्या वर्षाचा फॉर्म, ही तुमच्या मनातली पद्धत राहू द्या. ती धमकीच्या सुरात न सांगता हिशेबाच्या सुरात सांगा. पुढच्या जानेवारीतही तोच तक्ता, तोच सूर.

मी तुमच्या जागी असते तर फॉर्म दिला असता का? हो, २०२५ चे हप्ते चुकते झाल्यावर दिला असता. त्यात तुमचं काही जात नाही. मुलीच्या बापाच्या हातात दोन लाख जास्त राहिले, तर पुढचे हप्ते वेळेवर यायची शक्यता वाढते, कमी होत नाही. शिवाय ती सवलत मिळाल्यावर त्यातला काही भाग मुलीच्या फीसाठी वेगळा पाठवा, असं सुचवायलाही हरकत नाही. ते फॉर्मवर लिहायचं नाही. मेलमध्ये मात्र जरूर लिहावं.

अप्पांच्या घराचाही प्रश्न यात येतो, आणि तो कोणी तुम्हाला सांगितलेला दिसत नाही. फॉर्म असला तरी आणखी एक अट पाळली जावी लागते. मुलीच्या वर्षभराच्या खर्चातला अर्ध्याहून जास्त भाग आई आणि बाप या दोघांनी मिळून उचललेला असावा. तुम्ही आईवडिलांच्या घरात राहता. त्या घराचं भाडं तुम्ही देत नसाल, तर तेवढ्या भाड्याचा मुलीच्या वाट्याचा हिस्सा आजोबांनी केलेला खर्च धरला जातो. समजा, घराला महिना १५,००० भाडं आलं असतं आणि घरात माणसं चार, तर मुलीच्या नावे ३,७५० रुपये अप्पांचे. किराणा, दूध, भाजी अप्पांच्या पेन्शनमधून येत असेल तर तिच्या वाट्याचं तेही अप्पांचं. तुमच्या बाजूला शाळेची फी, व्हॅन, कपडे, दवाखाना, शिकवणी, आणि वडिलांच्या पैशातून खरोखर तिच्यावर झालेला खर्च. जे पैसे न खर्चता बँकेत पडून राहिले, ते त्या वर्षाच्या खर्चात धरू नका. तुमच्या बाबतीत आईबापाचा वाटा सहज अर्ध्यावर जाईल असं वाटतं. पण जिथे मुलाचं सगळंच आजी-आजोबा बघतात तिथे ही अट मोडते, आणि मग सही असूनही सवलत मिळत नाही. हा तक्ता तुमच्याकडे असला तर हप्त्यांच्या बोलण्यातही उपयोगी पडेल. पोरीला महिन्याला काय लागतं हे आकड्यांत समोर आलं, की वाद घालायला जागा कमी उरते.

आता दुसरा कागद. तो त्यांनी कशासाठी मागितला असेल याचा मला अंदाज आहे. एकट्या माणसाच्या घरात मूल अर्ध्याहून जास्त वर्ष राहत असेल, तर तिथे त्याला ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ (कुटुंबप्रमुख) म्हणून विवरण भरता येतं. २०२५ साठी एकट्या माणसाची ठरावीक वजावट १५,७५० डॉलर आहे, तर हेड ऑफ हाउसहोल्डची २३,६२५. मोह पडावा एवढा हा फरक आहे. पण फॉर्म ८३३२ ने हा दर्जा मिळत नाही. त्यासाठी मूल खरंच त्या घरात राहिलेलं असावं लागतं. म्हणून सात महिन्यांचं पत्र. त्यांनी जाणूनबुजून हे केलं असेल की त्यांच्या टॅक्सवाल्याने एक नमुना पाठवला आणि त्यांनी तो पुढे ढकलला, मला माहीत नाही. तुम्हीही आत्ताच आरोप करू नका. सही मात्र करायची नाही.

खोट्याला सही देऊ नये एवढंच कारण पुरेसं आहे, पण तुमच्या बाबतीत त्याहून जवळचं कारण आहे. अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या राज्यांत, न्यू जर्सीतही, मुलाच्या ताब्याचा खटला कुठे चालवायचा हे ठरवताना आधी बघतात की खटल्यापूर्वी सलग सहा महिने मूल कोणत्या राज्यात राहत होतं. आता त्यांनी पाठवलेलं ते अर्ध्या पानाचं पत्र पुन्हा वाचा. जानेवारी ते जुलै, न्यू जर्सीच्या घरी, खाली आईची सही. सहा महिन्यांच्या वरचाच काळ. आज त्यांच्या मनात तसं काही नसेलही. पण माणसाचं मन बदलतं, वकील बदलतात, दुसरं लग्न होतं, आणि कागद आहे तिथेच राहतो. मुलगी इथेच वाढते आहे, इथेच शिकते आहे, हे सांगणाऱ्या आईच्या विरोधात तिचीच सही उभी राहील. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नित्या आनंद राघवन प्रकरणात सांगितलं आहे, की परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा आहे, अखेरचा निकष मुलाचं हित. तो आधार मोठा आहे. पण मूल कुठे राहतं याबद्दल आईनेच खोटं लिहून दिलं असेल, तर त्या आधाराला आपणच भोक पाडतो.

आणि हे पत्र टिकणारंही नाही. आयआरएसने विचारणा केली तर ते मुलाच्या शाळेचे, डॉक्टरचे, पत्त्याचे कागद मागतात. शाळेच्या हजेरीपटात जानेवारी ते एप्रिल आणि जूनपासून पुढे मुलगी सोलापुरात हजर आहे. पासपोर्टवर येण्याजाण्याच्या तारखा आहेत. मग मिळालेली सवलत व्याजासकट परत जाते, दंड बसतो, आणि नियमांकडे बेपर्वाईने दुर्लक्ष केल्याचं ठरलं तर चाइल्ड टॅक्स क्रेडिट दोन वर्षं बंद होते. फसवणूक ठरली तर दहा वर्षं. तोवर तुमची मुलगी १७ च्या पुढे गेलेली असेल, म्हणजे ही सवलत कायमचीच गेली. पत्र न देण्यात मुलीच्या वडिलांचंही हित आहे, आणि हे त्यांना सांगता येतं.

तुमचे दादा आणि अप्पा, दोघंही तुमच्या काळजीनेच बोलत आहेत. पण दोघांनीही दोन कागदांना एकच मानलं. कागद वाचल्याशिवाय ‘दे’ किंवा ‘देऊ नको’ म्हणणं सोपं असतं. रविवारी दोघांना एकत्र बसवून हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवा. घरात एकमत झालं की फोनवर तुमचा आवाज स्थिर राहील.

पासपोर्टचं. १६ वर्षांखालच्या अमेरिकन मुलाच्या पासपोर्टला सहसा दोन्ही पालकांची संमती लागते. जो पालक अर्जाच्या वेळी हजर राहू शकत नाही त्याने डीएस-३०५३ या फॉर्मवर नोटरीसमोर सही करून द्यायची असते, आणि ती संमती तीन महिन्यांपेक्षा जुनी चालत नाही. तेव्हा आत्ताच मागून ठेवण्यात अर्थ नाही. मुंबईच्या वकिलातीत अर्ज करायच्या दोन महिने आधी मागा. पासपोर्टची भीती दाखवून ते पत्रावर सही मागतील असं तुम्हाला वाटतं. मागितली तर ते लेखी येऊ द्या आणि वकिलांना दाखवा. मुलीचा पासपोर्ट दोघांचीही जबाबदारी आहे, तो कोणाचा उपकार नव्हे. नवा पासपोर्ट आला की ओसीआयच्या (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाच्या) पोर्टलवर त्याची प्रत आणि मुलीचा नवा फोटो चढवायला विसरू नका.

फॉर्मवर तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहावा लागेल. तिथे नोकरीचा परवाना होता म्हणजे तो तुमच्याकडे असणारच. सही केलेला फॉर्म व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, पासवर्ड लावलेली पीडीएफ थेट त्यांच्या मेलवर पाठवा. आणि सहीच्या आधी एकदा अमेरिकी कराचं काम करणाऱ्या सीएला फॉर्म दाखवा. सोलापुरात सीए पुष्कळ आहेत, पण हे काम वेगळं आहे. गरज पडली तर पुण्याच्या कोणाशी व्हिडिओ कॉलवर बोला.

अशाच अडचणीतल्या इतरांसाठी थोडं. नवरा-बायको दोघंही तिकडे, एकत्र, आणि मूल सोलापुरात आजीकडे असेल, तर या फॉर्मची वाट त्यांना नाही, ती वेगळ्या झालेल्या पालकांसाठीच आहे. मूल अमेरिकन नागरिक असेल आणि खर्चाचा मोठा वाटा तेच उचलत असतील, तर सहसा ५०० डॉलरच्या सवलतीचाच विचार करावा लागतो. आजारपण किंवा शिक्षणासाठी तात्पुरतं दूर असलेलं मूल घरीच राहतं असं धरलं जातं, पण दोन-तीन वर्षं आजीकडे शाळा चालू असेल तर त्याला तात्पुरतं म्हणणं अवघड आहे. मूल भारतीय नागरिक असेल आणि भारतातच राहत असेल, तर आईबाप तिकडे कितीही कर भरत असोत, त्याचं नाव सहसा घालताच येत नाही. नागरिक नसलेल्या, देशाबाहेर राहणाऱ्या मुलांसाठीची सूट कॅनडा आणि मेक्सिकोत राहणाऱ्यांना आहे, आपल्याला नाही.

आजी-आजोबांना एक विनंती. अमेरिकन नातीच्या नावाने सुकन्या समृद्धी खातं उघडू नका, ते निवासी भारतीय नागरिक मुलींसाठी आहे. तिच्या नावाच्या किंवा तिच्यासोबत जोडनावाच्या भारतातल्या सगळ्या खात्यांची आणि ठेवींची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर अमेरिकेत दर वर्षी त्याची माहिती द्यावी लागते, मूल लहान असलं तरी. तिच्या नावाने म्युच्युअल फंड घेतले तर तिकडचे कराचे नियम फारच किचकट लागतात. नातीसाठी साठवायचं असेल तर स्वतःच्या नावाने साठवा आणि मृत्युपत्रात लिहा.

ताई, त्यांना मेल लिहायचा तो असा काही लिहा: ‘फॉर्म ८३३२ मी वाचला. २०२५ या एका वर्षासाठी तो द्यायला माझी हरकत नाही. त्या वर्षाच्या हप्त्यांचा तक्ता सोबत जोडला आहे, उरलेली रक्कम कधी येईल ते कळवा. दुसऱ्या पत्रातल्या तारखा बरोबर नाहीत. मुलगी २०२५ मध्ये सुट्टीतले सात आठवडे तुमच्याकडे होती, बाकी वर्ष सोलापुरात. त्यामुळे त्यावर मी सही करू शकत नाही. मुलीच्या शाळेचा बोनाफाईड दाखला लागत असेल तर पाठवते.’ एवढंच. जुनी उणीदुणी नकोत, आणि उत्तर फोनवर आलं तरी पुन्हा मेलनेच लिहा.

ते दुसरं पत्र फाडू नका, मेलही पुसू नका. ज्या मेलसोबत ते आलं त्या मेलची छापील प्रत काढा, त्याला सही न केलेलं पत्र टाचा, त्यामागे त्या वर्षाचा शाळेचा हजेरी दाखला आणि पासपोर्टच्या शिक्क्यांची झेरॉक्स लावा, आणि हुकूमनाम्याच्या फाईलमध्ये ठेवून द्या.